तिसऱ्या फळीवरची दुसरी बाटली

दित्या,

हे सांगायचं मी अडतीस वर्षं टाळलं. दर उन्हाळा संपताना तू आमचुराची पिशवी घेऊन आमच्या घरी यायचास, ओट्यावर बसायचास, आणि बोलणं शाळेच्या त्या खोलीकडे वळू लागलं की मी विचारायचो, "यंदा आंब्याला मोहर कसा होता?" मग तू मोहराविषयी बोलायचास. तुझा उरलेला एक डोळा माझ्यावर असायचा. त्यात मला संशय कधी दिसला नाही. दिसला असता तर कदाचित मी तेव्हाच बोललो असतो.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी स्मरणिका काढताहेत. तू गेल्याचं कळल्यावर त्यांचा फोन आला. "सर, दित्याकाकाच्या गमती लिहा. काकाला तुमच्याइतकं कोण ओळखत होतं?" मी हो म्हणालो. गमती पुष्कळ आहेत. पण आठ दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतो आहे आणि पहिलं वाक्य दर वेळी तेच येतं. म्हणून आता तेच लिहिलं. पोरांना छापायचं तर छापोत.

मी तुमच्या डोंगरात आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. तापीकाठचा, शहाद्याकडचा माणूस, केळीच्या बागा आणि सपाट रस्ते बघत वाढलेला. तळोद्याहून जीपच्या मागच्या दांडीला लटकत आश्रमशाळेत पोचलो, तेव्हा तू प्रयोगशाळेच्या दारात उभा होतास. "तू नवा सर का?" असं विचारलंस. मला राग आला. रोजंदारीवरचा परिचर, आणि सरांना तू म्हणतो. मागाहून कळलं की तुमच्याकडे सगळ्यांनाच तू म्हणतात, देवालाही आणि तलाठ्यालाही. मग मीही तुला तू म्हणू लागलो. तू माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होतास, हे मात्र तेव्हा मनात आलं नाही.

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आणि पाच फळ्यांचं एक लाकडी कपाट. तुला वाचता येत नव्हतं, तरी त्या कपाटातली एकही बाटली तू कधी चुकला नाहीस. तुझी स्वतःची मांडणी होती. रोज लागणारं ते हाताच्या उंचीवर, तिसऱ्या फळीवर. अंगावर सांडलं तर भाजेल ते सगळं खाली, जमिनीलगत. "वरून पडलं तर डोकं जाईल सर. खालून पडलं तर पायच जाईल." मी बी.एस्सी. झालो होतो, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी "विरल सल्फ्युरिक आम्ल" म्हटलं की तुझा हात न बघता तिसऱ्या फळीवर जायचा, उजवीकडून दुसऱ्या बाटलीवर. ती तू क्षणभर तळहातावर तोलायचास. जागा आणि वजन या दोन खुणा जुळल्या की मगच ओतायचास. बाटल्या सगळ्या तपकिरी काचेच्या, एका मापाच्या. आत काय आणि किती ते बाहेरून दिसायचं नाही. तुझ्या हाताला ते कळायचं.

मला शिकवता येतं ते अर्धं तुझ्यामुळे. स्थायू, द्रव, वायू शिकवताना फळ्यावर मी गोल गोल ठिपके काढत बसलो होतो आणि पोरं ठिपक्यांकडे बघत गप्प होती. तू दाराजवळच्या स्टुलावरून उठलास आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणालास. सगळा वर्ग हसत उठला, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गच्च गोल करून उभा राहिला. होळीच्या नाचातला तो गोल. "हा दगड," तू म्हणालास. मग हात सैल करायला लावलेस, पोरं एकमेकांना न सोडता इकडून तिकडे सरकू लागली. "हे पाणी." मग ढोल थांबल्यावर माणसं बाजारभर पांगतात तशी सगळी पांगली, दोघं तर थेट बाहेर गेली. "ही वाफ." पुढे तालुक्याच्या शिक्षक शिबिरात मी हेच करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कल्पना कुणाची, हे मी सांगितलं नाही. तेही इथे लिहून ठेवतो.

साखरेवर संहत सल्फ्युरिक आम्ल ओतून दाखवलं, तो दिवस आठवतो का? पांढरी साखर आधी पिवळी झाली, मग काळी, आणि मग त्या चंचुपात्रातून काळा वाफाळता खांब आपोआप वर चढू लागला. पुढच्या बाकावरची पोरं मागे पळाली. मी सांगत होतो की आम्लाने साखरेतलं पाणी ओढून घेतलं, मागे कार्बन उरला. तू त्यांना एवढंच म्हणालास, "साखरेच्या पोटात हे काळं पहिल्यापासून होतंच. दिसत नव्हतं." त्या प्रयोगात संहत आम्लाची बाटली निम्म्याला आली. मोठा कॅन संपला होता, नवा यायचा होता. ही बाब तेव्हा क्षुल्लक होती.

आणि जडत्वाचा तास. स्थिर वस्तू बाहेरून बल लावल्याशिवाय हलत नाही, हे मी सांगत होतो. तास संपल्यावर तू बाटल्या आवरता आवरता विचारलंस,

"धक्का दिल्याबिगर काहीच हलत नाय?"

"काहीच नाही."

"पान हलतं ते?"

"वाऱ्याने."

"वारा नसताना हललं तर?"

"तर तुला न दिसलेल्या कुणीतरी हलवलं असेल."

मी हसत म्हणालो होतो. तूही हसलास. ते वाक्य तुझ्या मनात जाऊन बसलं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

आता ते सांगतो.

होळीसाठी तू चार दिवस घरी गेला होतास. होळीनंतर वरून तपासणी येणार असा निरोप होता. माझी नोकरी कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात यायचा होता. मला वाटलं, कपाट नीट दिसायला हवं. साठा नोंदवहीत ज्या क्रमाने लिहिला आहे त्याच क्रमाने बाटल्या फळीवर असाव्यात, म्हणजे साहेबाने वही उघडून बोट ठेवलं की तीच बाटली पुढे येईल. रविवारी दुपारी मी एकटाच खोलीत गेलो. सगळ्या बाटल्या खाली उतरवल्या, पुसल्या, नवी लेबलं वळणदार अक्षरात लिहून चिकटवली आणि वहीच्या क्रमाने लावल्या. तुझी मांडणी तासाभरात गेली. तिसऱ्या फळीवर उजवीकडून दुसऱ्या जागी संहत सल्फ्युरिक आम्ल आलं. निम्मी भरलेली ती बाटली.

पुढचं तू जाणतोस, पण वाचणाऱ्यांसाठी लिहायला हवं. संहत आम्ल पाण्याच्या पावणेदोन पटींहूनही जड असतं. निम्म्याहून थोडी जास्त भरलेली त्याची बाटली हातात घेतली तर ती विरल आम्लाच्या भरलेल्या बाटलीएवढीच लागते. घनता म्हणजे काय हे मी दर वर्षी नववीला शिकवत होतो.

तू सोमवारी सकाळी डोंगर उतरून थेट कामाला लागलास. अंगावर होळीचा रंग तसाच होता. मी ऑफिसात चहा पीत होतो, खिडकीतून तुला जाताना पाहिलं. सांगायचं राहून गेलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. माझ्या मनात आलं होतं की सांगावं. आणि लगेच असंही आलं की लेबलं लावली आहेत, आता तरी वाचायला शिकेल. तुला वाचायला शिकवायचं मीच कबूल केलं होतं आणि दोन वर्षांत एकदाही पाटी हातात घेतली नव्हती.

प्रत्येक टेबलासाठी आम्ल आणखी पातळ करून छोट्या बाटल्या भरायचं काम तुझं. हात तिसऱ्या फळीवर गेला, उजवीकडून दुसरी. तोललीस. वजन बरोबर. चंचुपात्रात ओतलीस आणि रोजच्यासारखं वरून तांब्याने पाणी घातलंस. संहत आम्लात वरून पाणी घातलं तर ते जागच्या जागी उकळून उडतं. पाण्यात आम्ल थेंबाथेंबाने, आम्लात पाणी कधीच नाही, हा संहत आम्लाचा नियम तूच मला माझ्या पहिल्या आठवड्यात बजावला होतास; विरल आम्लाला तो लागत नाही. तुला आवाज काढायलाही वेळ मिळाला नाही. स्टूल पडल्याचा आवाज ऐकून मी धावत आलो तेव्हा तू चेहरा दोन्ही हातांत धरून उभा होतास, आणि समोरचं भांडं अजून उसळत होतं. हंड्यातलं सगळं पाणी मी तुझ्यावर ओतलं. तू फक्त म्हणत होतास, "तेलासारखं पडलं सर. तेलासारखं पडलं तेव्हाच कळायला हवं होतं, पण दुसरा हात पाणी ओतून मोकळा झाला होता."

जीपने तुला अक्कलकुव्याला नेलं, तिथून पुढे नंदुरबारला. जीप वळणाआड गेल्यावर मी खोलीत परत आलो. फरशी पुसली. आणि मग दार लावून सगळ्या बाटल्या परत तुझ्या जागी लावल्या. प्रत्येक बाटली. कुठली कुठे होती हे माझ्या हातांना बरोबर आठवत होतं. जमिनीलगतच्या फळीवर निम्मी बाटली ठेवताना तिच्या गळ्यावर तुझ्या बोटांचा होळीचा गुलाबी रंग लागलेला दिसला. तो पुसला.

चौकशीला दोघे आले. मी लिहून दिलं, "सर्व बाटल्या नेहमीच्या जागी आहेत व लेबले स्पष्ट आहेत." वाक्य लिहिलं त्या घटकेला अक्षर न् अक्षर खरं होतं. त्यांनी लिहिलं की परिचराने लेबल न वाचता आम्लात पाणी घातलं. रोजंदारीचा माणूस, पुढे काही करावं लागलं नाही. तुझं नाव हजेरीतून कमी झालं. तपासणी आलीच नाही. माझा कागद आला.

तू मे महिन्यात आलास. सुट्टी लागली होती, शाळा रिकामी होती. भर दुपारी मी खोलीत वह्या तपासत बसलो होतो आणि मान वर केली तर तू दारात होतास. कधी आलास ते कळलं नव्हतं. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, गालाची कातडी आक्रसलेली. माझ्याशी न बोलता तू कपाटाकडे गेलास. एकेका बाटलीवर बोट ठेवत मोजलंस, पहिल्या फळीपासून पाचव्या फळीपर्यंत. मग तिसऱ्या फळीपाशी परत आलास आणि दुसरी बाटली उचलून तोललीस. बूच काढून दोन थेंब बोटावर घेतलेस, चोळून पाहिलेस. पाण्यासारखे.

"परत आली," तू म्हणालास.

"कोण?"

"बाटली."

तेवढ्यात छपराचा पत्रा कडकन वाजला. तू दचकलास. मी म्हणालो, "पत्रा आहे दित्या. तापला की प्रसरण पावतो."

"पत्र्याचं मला माहीत आहे सर. बाटलीचं सांग."

त्या वेळी खोलीत आपण दोघंच होतो. बाहेर माणूस नव्हता. एवढं एक वाक्य बोललो असतो तर तुझ्यामाझ्याखेरीज कुणालाही कळलं नसतं. मी म्हणालो, "तुझ्या हातून चूक झाली असेल."

तू हात पुढे धरलास आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलास, दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा. मग म्हणालास, "हात चुकला नाय. जागा तीच, वजन तेच. बाटली हलली, आणि काम झाल्यावर जागेवर गेली. तूच सांगितलं होतंस ना सर? मला न दिसलेल्या कुणीतरी."

फळ्याच्या कडेला खडू पडला होता. तो घेऊन तू बाटलीच्या बुडाभोवती फळीवर गोल रेघ काढलीस. मग शेजारच्या बाटलीभोवती. पाचही फळ्या होईपर्यंत तू थांबला नाहीस. "आता हलली तर कळेल," एवढं बोलून निघून गेलास.

त्या रेघा मी पुसल्या नाहीत. पुढे अकरा वर्षं मी त्या खोलीत शिकवलं. बाटली घेतली की परत ठेवताना रेघेच्या आत ठेवायची, जराही बाहेर नाही. नवे परिचर आले, त्यांनाही कुणी न सांगता ते कळलं. पोरं तर खोलीत शिरण्याआधी बंद दारावर तीनदा टकटक करू लागली, आत जे आहे त्याला कळावं म्हणून. मी त्यांना एकदा रागावलो. दुसऱ्या दिवशी खोलीत एकटा जाताना माझं बोट दारावर तीनदा वाजलं. परवा फोनवर पोरं सांगत होती, अजून वाजवतात.

दित्या, तू मला तळोद्याच्या बाजारात भेटायचास. मिरची निवडता निवडता सांगायचास, "काल तांब्या दोन बोटं सरकला सर. रेघेबाहेर." मी सांगायचो की जमीन उताराची असेल, उंदराचा धक्का लागला असेल, तांब्याखाली पाणी असलं तर तो गुळगुळीत जागेवर घसरतो, घर्षण कमी होतं. तू सगळं नीट ऐकून घ्यायचास. घर्षणाचं तर तू मला दोनदा सांगायला लावलंस. मग म्हणायचास, "हे तांब्याचं झालं. बाटलीचं?" इतक्या वर्षांत तू हा प्रश्न विचारायचं कधी सोडलं नाहीस, आणि माझ्यावर आवाज कधी चढवला नाहीस. तुझ्या दृष्टीने आपण दोघं एकाच कोड्याचं उत्तर शोधत होतो. मी मास्तर होतो, मला आज ना उद्या सापडेल असं तुला वाटायचं.

एकदा मी तोंड उघडलं होतं. तुला दम लागला होता, आमच्या ओट्यावर खांबाला टेकून बसला होतास. मी म्हणालो, "दित्या, त्या बाटलीचं तुला सांगायचं आहे." तू घाईने हात वर केलास. "नको सर. तुझ्या घरात तिचं नाव घेऊ नको. तुझी लेकरं आहेत." ती गप्प बसायची परवानगी आहे असं मी धरून चाललो, आणि मला हलकं वाटलं. त्या हलक्या वाटण्याची लाज आज वाटते.

तू गेल्याचं मला जीपवाल्याने सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी वर आलो. रस्ताभर एक वाक्य मनात घोकत होतो. तुझं घर मी इतक्या वर्षांत आतून पाहिलं नव्हतं. तूच नेहमी खाली यायचास.

दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबलो. चुलीजवळच्या हंड्याभोवती चुन्याची गोल रेघ. घागरीभोवती रेघ. कोपऱ्यातल्या जात्याभोवती, धान्याच्या कणगीभोवती, कुऱ्हाडीच्या दांड्याच्या कडेने, चपलांच्या जोडाभोवती. शेणाने सारवलेल्या जमिनीवर सगळीकडे पांढऱ्या रेघा, आणि बहुतेक रेघांच्या आत ज्याची त्याची वस्तू. काही जागी नुसतीच रेघ होती, आत काही नव्हतं. भिंतीलगत एक मोठी लांबट रेघ होती. डोकं, खांदे, दुमडलेले पाय. मी तिच्याकडे बघतो आहे हे पाहून तुझी बायको बुधी म्हणाली, "तिथं झोपायचा. निजल्यावर मी रेघ मारायची. सकाळी उठला की बघायचा, कुणी हलवलं का."

घरात माणसं बरीच आली होती. जागा कमी होती. तरी त्या रेघेच्या आत कुणी बसलं नव्हतं.

बुधीने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. मग सहज, पाण्याचा तांब्या द्यावा तितक्या सहज, चुन्यात बोट बुडवून माझ्या कपाभोवती रेघ काढली. मी कप उचलला. पुन्हा ठेवताना तो रेघेवर बसला. बुधीने तो नीट आत सरकवला.

तुझी नात रंजना माझ्याजवळ येऊन बसली. दहावीला शाळेत पहिली आली आहे, तुला ठाऊकच आहे. तळोद्याला अकरावीला तिला विज्ञान घ्यायचं होतं. घरच्यांनी नको म्हटलं, विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेत काय असतं ते आज्याने डोळा देऊन पाहिलं. तिने आवाज खाली ठेवून विचारलं,

"सर, जडत्वाच्या नियमाला अपवाद असतो का?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग आजा खोटं बोलायचा?"

घोकलेलं वाक्य अगदी ओठावर होतं. बुधी बघत होती. तुझा मुलगा बघत होता. मी म्हणालो, "तुझा आजा खोटं बोलत नव्हता." आणि तिथेच थांबलो.

रंजनाने मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं. नियमाला अपवाद नाही, आणि आजा खोटं बोलत नव्हता, म्हणजे बाटली न दिसणाऱ्या कुणीतरीच हलवली. तिने उठून माझा रिकामा कप नेला आणि जमिनीवरची रेघ तशीच राहू दिली. त्या दुपारी, मास्तर म्हणून, मी तुझ्या घरातलं ते भूत पक्कं करून खाली उतरलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिला अडतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "तो मानूस इतला डोंगर उतरीसन आमचूर लई ये. नि तुम्ही त्याले नुसता चहा पाजीसन वापस धाडेत?" पुढे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

परवा सकाळी हे लिहायला बसलो तर चष्मा ठेवला तिथे नव्हता. टेबलावर, उजव्या हाताला, रोजची जागा. मी खाली वाकून पाहिलं, खिसे पाहिले, पुन्हा टेबल पाहिलं. घरात कुणाची चाहूल नव्हती. दोनेक मिनिटं गेली असतील. त्या दोन मिनिटांत मला माझ्या हाताची खात्री वाटेनाशी झाली, आणि टेबलाची ती मोकळी जागा माझ्याकडे बघते आहे असं वाटायला लागलं. तेवढ्यात बायको पदराने चष्मा पुसत आतून आली.

"काय धुंडी ऱ्हायनात? मी उचला व्हता, पुसाले."

एवढं म्हणून तिने तो माझ्या हातात दिला. खोली पुन्हा खोली झाली, टेबल टेबल झालं. तुला हे एवढंच हवं होतं. तीन-चार शब्द. ते माझ्याजवळ होते आणि तू दर वर्षी डोंगर उतरून ते मागायला येत होतास.

रंजना, हे तू वाचशील. घरी मोठ्याने वाचून दाखव, तुझ्या आजीला आणि बापाला. तुझ्या आज्याने शेवटपर्यंत सांगितलं ते सगळं खरं होतं, बाटली खरंच जागेवरून हलली होती आणि खरंच परत आली होती. आणि नियमही खरा आहे. दोन्ही वेळा तिला माणसाने उचललं होतं.

दित्या, ती बाटली मी हलवली. रविवारी दुपारी, तुझ्या पाठीमागे, तपासणीसाठी. तुला नेल्यावर परत जागेवर ठेवली तीही मी, माझी नोकरी राहावी म्हणून. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, कधीच नव्हतं. तुझा हात चुकला नव्हता. माझी चूक झाली, दित्या. मला माफ कर.